वाळल्या पानाचा शर्ट

चंद्रपूर,
ता. ८ एप्रिल २०२५

चि. पवन यास,
नूतनबाईचा सेवा जोहार व अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनात दुसरंच आहे, ते पुढे वाच. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू मधेच बोलतोस, मग माझं तोंड सुटतं आणि दवाखान्याच्या वॉर्डातले सगळे वळून पाहतात. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून स्पीड पोस्टाने हे पाठवते आहे.

बाबांना अस्वलाने धरलं एवढं तुला धनराज भाऊजींनी कळवलंच आहे. कसं धरलं ते मी सांगते. आईला दोन दिवस ताप होता, म्हणून ती मोहफुलं वेचायला गेली नाही. बाबांना निघायला उशीर झाला. संगतीची माणसं पुढे निघून गेली होती, बाबा मागून एकटे गेले. आणि अंगात काय होतं? तू जानेवारीत पाठवलेला शर्ट. तुमच्या कपड्यांच्या कंपनीचा उन्हाळा म्हणे जानेवारीतच सुरू होतो! तोच तो, वाळल्या पानाच्या रंगाचा, ज्याच्या कॉलरखाली कंपनीचं नाव एवढं बारीक लिहिलंय की वाचायला भिंग लागावं.

आपल्याकडे मोहाखाली कसं वेचतात ते विसरलास का रे? प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली वाकलेला. थोड्या थोड्या वेळाने मान वर करायची आणि रंग पाहून घ्यायचे. चैतूकाकांचा पिवळा दुपट्टा, आईचं हिरवं लुगडं, बाबांचा लाल शर्ट. एखादा रंग दिसेनासा झाला की सगळ्यांनी मिळून हाका मारायच्या, डबे वाजवायचे. त्या दिवशी लाल रंग सकाळपासून कोणाला दिसलाच नाही. चैतूकाकांना वाटलं, बुधरीबाईला ताप आहे, इसरूभाऊ घरीच राहिले असतील. टोपल्या भरल्या, सगळे परत आले. बाबा तिथेच होते, दोन झाडं पलीकडे; सगळे गेल्यावर अस्वलाने त्यांना गाठलं.

दुपार झाली तरी घरी आले नाहीत, तेव्हा आई तापातच ओरडत सुटली. गाव शोधायला गेलं. आता नीट वाच. गाव लाल शोधत होतं. बाबा पालापाचोळ्यात पडले होते, तोंडातून आवाज निघत नव्हता, आणि माणसं त्यांच्या बाजूने गेली, परत आली, पुन्हा गेली. चैतूकाकांचा पाय त्यांच्या हाताला लागला तेव्हा सापडले. तो म्हातारा माणूस माझ्यासमोर रडला. म्हणत होता, बाई, आमी लालच पाहून राह्यलो होतो.

डाव्या पायाचं मांस फाटलं आहे आणि जखम आत चिघळते आहे. पाय वाचेल की गुडघ्याखालून काढावा लागेल, ते दोन-तीन दिवसांत कळेल असं डॉक्टर म्हणतात. लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले.

तू येऊ नकोस. तू आलास की बाबा उठून बसतील, आणि त्यांनी उठायचं नाही असं बजावलं आहे. शिवाय तू समोर आलास तर माझ्या हातून काय होईल ते मला सांगता येत नाही. आणि कपडे तर मुळीच पाठवू नकोस.

लोभ आजवर होता. पुढचं पाहू.

तुझी,
नूतनबाई

पुणे,
ता. १२ एप्रिल २०२५

ती. नूतनबाईस,
पवनचा सेवा जोहार. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. बाबांच्या पायापाशी आलो की दरवेळी कागद खाली ठेवावा लागला, हे तुला खोटं वाटेल, तरी लिहितो. पण तू मला खुनी ठरवून मोकळी झाली आहेस, तर मलाही आता बोलू दे. कागद तुलाही मधे बोलू देणार नाही.

तो शर्ट मी चैतूकाकांच्या रीनाच्या लग्नासाठी पाठवला होता. सोबतच्या चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. मोहफुलं वेचायला घालून जा असं मी कुठे म्हटलं? चांगला कपडा आला की आपल्याकडे तो आधी पेटीत घालायचा, मग महिनोन्महिने त्याचा वास घ्यायचा, आणि एक दिवस भलत्याच कामाला काढायचा. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर का?

आणि त्या लाल शर्टाचं एवढं कौतुक कशाला? तो नायलॉनचा आहे. मे महिन्यात बाबांच्या पाठीवर घामोळं उठतं, आई रात्री त्यावर ओला फडका ठेवते, हे तू पाहिलेलं नाहीस का? बाजारात आपल्या माणसांसाठी कोणी निवडून कपडा आणत नाही. शहरात खपला नाही तो माल गठ्ठ्याने येतो आणि आपण तोच अंगावर चढवतो. मला त्याचा राग येतो, बाई. लहानपणापासून येतो. आपल्या माणसाने नुसतं दिसावं, शोभून दिसू नये, हे कोणी ठरवलं? मी पातळ सुती कापड घेतलं. खांदे बाबांच्या मापाने उतरते ठेवले, कारण कावड वाहून त्यांचा उजवा खांदा खाली आलाय. असा विचार त्यांच्या खांद्याचा आजवर कोणत्या दुकानदाराने केला, सांग बरं.

रंगाचं म्हणशील तर तो मी आपल्याच अंगणातून नेला. गेल्या उन्हाळ्यात सागाचं पान खिशात घालून इथे आणलं आणि मालकांसमोर ठेवलं. त्यांना इतका आवडला की सगळा हंगाम त्याच रंगावर काढला. आता इथे ज्याने जन्मात जंगलात पाऊल टाकलेलं नाही तो प्रत्येक माणूस वाळलं पान होऊन हॉटेलात बसतो. जाहिरातीतला पोरगा पोटावर हात ठेवून असा उभा आहे जणू त्याला अजीर्ण झालंय. मलाही हसू येतं. रागही येतो. दर दोन महिन्यांनी आम्ही सांगतो की कालपर्यंत तुम्ही घालत होतात ते गावंढळ होतं, आणि शिकलेली माणसं मान डोलावतात! पण बाबांचा शर्ट त्या धंद्यातला नव्हता. तो मी रविवारी, स्वतःच्या हाताने शिवला होता; कंपनीच्या नावाची पट्टी तेवढी हौसेने लावली. त्याला तू अस्वलाच्या शेजारी उभा करू नकोस.

मी येणार आहे. तुझ्या परवानगीची वाट किती दिवस पाहायची? बाप तुझ्या एकटीचा नाही.

राग कर, पण नातं तोडू नकोस एवढं मागतो. आईस जोहार. धनराजभाऊंना नमस्कार.

तुझा,
पवन

चंद्रपूर,
ता. १६ एप्रिल २०२५

चि. पवन यास,
आशीर्वाद. वि. वि.

काल पाय काढला. गुडघ्याखालून. बाबा शुद्धीवर आले, चादरीवरून हात फिरवला आणि आईला विचारलं की वेचलेला मोह वाळत घातला का.

तुझं पत्र छान आहे. लिहायला तू आधीपासूनच हुशार. खांद्याचं वाचून मला रडू आलं, तेही कबूल करते. पण तू त्यात एक गोष्ट लिहिली नाहीस. म्हणजे तुला वाटतं की ती आम्हाला ठाऊकच नाही.

दर शनिवारी त्या वेबसाइटवर पुरुषांच्या कपड्यांबद्दल तू जी मतं छापतोस, त्यातलं होळीच्या आधीचं आठव. तू लिहिलंस की आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, त्यांचा मिरचीसारखा लाल शर्ट त्यांच्या आधी पोचतो. ते वळणावर असतात तेव्हा शर्ट चावडीत बसलेला असतो. लिहिलंस की पुरुषाचा कपडा ओरडू नये, त्याने हळू आवाजात बोलावं. नाव घातलं नाहीस. मोठे उपकार केलेस! आपल्या गावात असा शर्ट कोणाचा, हे बैलांनाही माहीत आहे.

मूल गावच्या बाजारात आपल्या गावातल्या सुनिलने ते मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. इसरूभाऊ, तुमच्यावर छापून आलं म्हणत कौतुकाने सगळ्यांना बोलावलं. लोक हसले. बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी लाल शर्ट धुतला, घडी केली आणि पेटीच्या तळाशी ठेवला. त्या सकाळी आई म्हणाली की जंगलात तरी लाल घाला, तर तिला म्हणाले की पोराने लाल शर्ट गावाला दाखवलाच आहे, आता अस्वलाले तरी नवा शर्ट पाहू दे. आई हसली होती रे. आता तेच आठवून स्वतःच्या तोंडात मारून घेते.

तू खांदा मोजलास, आणि त्याच माणसाची चारचौघांत टिंगल केलीस. मला या दोन गोष्टींची सांगड घालता येत नाही. तुला येत असेल तर शनिवारी लिही.

अजूनही सांगते, येऊ नकोस. शब्द नाहीत म्हणून नाही, फार आहेत म्हणून इथे थांबते.

आईने तुला जेवत जा म्हणून सांगितलं आहे. तिचा निरोप तेवढा पोचवला.

नूतन

पळसटोला, ता. मूल,
ता. २९ एप्रिल २०२५

चि. पवन यास,
इसरू मडावी याचा सेवा जोहार.

(हे पत्र बाबा सांगतात तसं मी लिहून देते आहे. एकही शब्द बदलायचा नाही अशी तंबी आहे, म्हणून माझ्याविरुद्धचंही तसंच ठेवलं आहे. – नूतन)

तुझं पत्र अन् बाईनं आपल्या पत्रायच्या ठेवलेल्या नकला मी तुझ्या आईकडून मागून घेतल्या अन् चैतूकडून वाचून घेतल्या. तुमी दोघं शिकलेले, म्हणून एवढं लांब भांडता. मी चार बुकं शिकलो, मी थोडक्यात भांडतो.

बाईले वाटते मी लाजलो म्हणून शर्ट घातला. तुले वाटते मी अडाणी, पेटीतला कपडा भलत्या कामाले काढला. मी काऊन घातला हे मले कोणीच विचारलं नाई. पाय माझा गेला, शर्ट माझा गेला, अन् भांडून राह्यले तुमी!

आईक. म्या तो शर्ट घातला अन् आरशात पाह्यलं. उजवा खांदा खाली उतरलेला दिसे ना. वीस वर्सं झाली, कोणी फोटो काढते म्हटलं तं मी वाकडा उभा राहतो, खांदा झाकाले. त्या शर्टात नाई झाकावा लागला. तुझी आई म्हणे, कोणाच्या लग्नाले चालले. मले काढू नाई वाटला. बस. साठीतल्या माणसाले बी आपण चांगलं दिसावं वाटते, हे तुमच्या दोघायच्या डोस्क्यात कसं नाई येत?

जंगलात रंग पायजे हे मले माहीत नाई का? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी मोह वेचून राह्यलो. माहीत होतं तरी घातला. चूक माझी हाये. माझी चूक माझ्यापाशी राहू द्या, तुमी वाटून घेऊ नका.

पण पवन, तू जे छापलं त्याचा मले राग हाये. लय राग हाये. शर्टाले हसला त्याचा नाई. तो लाल शर्ट मले बी काई सुंदर वाटत नोहता. माझ्या तोंडावर म्हटलं असतं तं मी बी हसलो असतो. तू अनोळखी लोकायले बोलावून आपल्या बापाले दाखवलं, अन् बाप कोण हे सांगाले लाजला. गृहस्थ म्हणे! मी तुले काय गृहस्थ लागतो? लिहाचं तं नाव टाकून लिही, नाई तं लिहू नको.

अन् नूतन, तुले बी सांगतो, लिही. तुझ्या पत्रापायी तो अजून आला नाई; माझ्या पोराले माझ्या घरी येऊ नको म्हणाचा हक तुले कोणी देल्ला?

(लिहिलं. – नूतन)

आता कामाचं. दवाखान्यात माझा शर्ट कैचीनं कापला. कापाच लागते म्हणे, त्याले इलाज नाई. त्याचं जाऊ दे. रीनाचं लग्न चोवीस मेले हाये. नकली पाय भेटन म्हणते, पण भेटन तवा भेटन, लग्नाले भेटत नाई. मी लग्नाले जाणार हाओ अन् पाहुण्यायच्या समोर खुर्चीवर बसणार हाओ. मांडीवर चादर टाकून नाई. तुझा भाऊजी माझ्या पॅन्टीचा पाय दुमडून पिन मारून देत होता, मी त्याच्या अंगावर ओरडलो. वरातीत लोंबता पाय घेऊन मी फिरणार नाई.

तू कपड्यातलं जाणतो असं तूच सगळीकडे सांगतो. मंग मले एक पॅन्ट शिवून दे. उजवा पाय पुरा, डावा गुडघ्याच्या खाली संपला पायजे. तिथी दुमडलेलं नको, गाठ नको, जशी बाहीची कड असते तशी नीट कड पायजे. अशी पॅन्ट असतेच, असं पाहणाऱ्याले वाटलं पायजे. कापड कोणतं घेतो, रंग कोणता घेतो, तुझं तू पाहा.

जखमेची सूज अजून उतरून राह्यली, म्हणून माप रोज बदलते. फोनवर देता येत नाई, अन् तिथी हात लावू देईन असा दुसरा माणूस मले दिसत नाई. टेप घेऊन ये.

तुझा बाप,
इसरू मडावी