अक्का, तुझ्या उपासाचं मी उद्या सांगणार आहे

छत्रपती संभाजीनगर,
शनिवार

प्रिय अक्का,

सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीतला आरोग्याचा कार्यक्रम येत्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस लागतात त्या दिवसापासून, पुन्हा सुरू होतोय आणि त्याला तुझं नाव दिलं आहे. आज सकाळी पाळकसाहेबांनी स्वतः फोन करून हे पक्कं सांगितलं. हॉलच्या दाराशी तुझा फोटो लागेल, आणि खाली तुझ्या साखरेचा तक्ता, मोठा करून. "तुम्ही सख्खे भाऊ. उद्या उपासनेनंतर चार शब्द बोला," ते म्हणाले. मी हो म्हणालो. उद्या जे बोलणार आहे ते आधी तुला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

कार्यक्रम पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा सगळ्यात जास्त नाक तूच मुरडलं होतंस, आठवतं? देह हे देवाचं मंदिर आहे, यावर पाळकसाहेबांनी लागोपाठ तीन रविवार उपदेश केला. मग उपासनेनंतरचा शिरा बंद झाला. त्याच्या जागी मोड आलेली मटकी आणि काकडी. याकोबदादा उठून म्हणाले, "पाळकसाहेब, स्वर्गात तरी शिरा हाय का तिथंबी मटकीच?" त्यावर तू म्हणालीस, "दादा, आधी तिथं पोचा तर."

सगळा हॉल हसला. मला बाहेर कडुलिंबाखाली स्कूटरपाशी ऐकू आलं. तुझी भावजय कुसुम वारली तेव्हापासून मी चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तुला दर रविवारी पडेगावहून आणून सोडायचो आणि बाहेर थांबायचो. तू कधीच 'आत ये' म्हणाली नाहीस. फक्त म्हणायचीस, "ऊन आहे, सावलीत थांब."

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या रूथ सिस्टर दर रविवारी सगळ्यांचं बोट टोचून साखर बघायच्या आणि आकडा कार्डावर लिहायच्या. पहिल्या दिवशी तुझा आकडा बघून त्यांनी मशीन बिघडलं समजून दुसऱ्या बोटाला टोचलं.  दुसऱ्या दिवसापासून तुझा बिनसाखरेचा चहा, ज्वारीची भाकरी, संध्याकाळी चालणं. शाळेत पोरांना पाढे पाठ करायला लावलेस, तसंच स्वतःला लावलंस. आकडा हळूहळू उतरू लागला. तेवढं पुरेसं नव्हतं का गं?

मग उपासाचे चाळीस दिवस आले. सिस्टरनी दोन रविवार सगळ्यांसमोर सांगितलं, की ज्यांच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी उपास धरण्याआधी मला भेटा, गोळी कमी करावी लागते, नाहीतर साखर एकदम खाली जाते. तू पहिल्या बाकावर बसली होतीस.

एके दिवशी सकाळी मी जाधववाडीच्या बाजारातून मेथी घेऊन तुझ्याकडे आलो. चूल थंड. डब्यात कालची भाकरी तशीच.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"आणि खाल्लं काय?"

"उपास आहे. दिवस मावळल्यावर खाईन."

"सिस्टरना सांगितलंस?"

"उपास सांगायचा नसतो. प्रभूचीच शिकवण आहे. तोंड धुवायचं, डोक्याला तेल लावायचं, चारचौघांत हसत राहायचं." तुझे केस खरंच तेल लावून चापून बसवलेले होते.

"ते दिखावा नको म्हणून. सिस्टरला सांगणं म्हणजे दिखावा का?"

"तू कधीपासून मला वचनं शिकवायला लागलास? शपथ आहे तुला माझी. कुणाला बोलायचं नाही."

शपथ घालू नये हीसुद्धा प्रभूचीच शिकवण. पण ते मला घरी पोचल्यावर सुचलं. आणि लहानपणापासून तुझं ऐकायची सवय.

पुढच्या रविवारी तुझा आकडा इतका छान आला की टाळ्या वाजल्या. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी खाली. पाळकसाहेबांनी मला मंडळीच्या पत्रकासाठी आठ ओळी मागितल्या. मी लिहिल्या: शिस्त आणि प्रार्थना यांचं फळ. अक्का, वर्तमानपत्राच्या टेबलावर मी आयुष्यभर लोकांच्या बातम्या खात्री नाही म्हणून अडवल्या. ही मात्र खोटी आहे हे माहीत असून वेळेत पाठवली.

टाळ्या वाजल्या तेव्हा तुला बरं वाटलं होतं ना? त्यानंतर सांगणं जड गेलं असेल. तीस वर्षं संडे स्कूल चालवणाऱ्या बाईनं उभं राहून 'हा आकडा मटकीचा नाही, उपाशीपोटी घेतलेल्या गोळीचा आहे' असं कसं म्हणायचं? मी तुला तशी वाट काढून द्यायला हवी होती. मी त्याऐवजी पत्रकाला आठ ओळी दिल्या.

ईस्टर दीड आठवड्यावर आलं असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, तू न्हाणीत पडलीस. डोक्याला मार. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली आहे, सकाळी काय खाल्लं होतं? शेजारी पाळकसाहेब आणि सिस्टर उभे होते. मी म्हणालो, "भाकरी."

साखर त्यांनी लगेच चढवली, जिवावर बेतला तो डोक्याचा मार. माझ्या उत्तरानं उपचारात काही फरक पडला नसता, असं पुढं एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मला त्याचा काही आधार वाटत नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, आपली बहीण देहानं निरोगी होऊन प्रभूकडे गेली. मी खाली बघत उभा राहिलो.

मला वाटलं, संपलं. गुपित तुझ्याबरोबर गेलं.

गेल्या आठवड्यात मार्थाकाकू माझ्या फाटकाशी थांबल्या. तुझ्या बाकावर शेजारी बसायच्या त्याच. त्यांनाही साखर आहे, गोळ्याही तुझ्यासारख्याच.

"भाऊ, औंदा मीबी अक्कावानी करणार हाय. चाळीस दिवस, दिवसभर कायबी नाय खायाचं."

"तुम्हाला कसं माहीत काकू?"

"मला सांगितलं व्हतं की तिनं. कुणाला बोलू नका म्हनली."

म्हणजे मला शपथ, आणि काकूंना खुशाल सांगितलंस. वर्षभरात पहिल्यांदा तुझा राग आला.

"आणि गोळ्या?"

"त्या घ्यायच्याच. अक्का घ्यायची की. साखर बघा तिची कशी उतरली."

"काकू, अक्का पडली ती त्यामुळंच."

"नाय वो. ते बोलावणं व्हतं." मग त्या जरा जवळ आल्या. "तुम्हाला ठावं नाय व्हय, उपास कुणासाठी धरला व्हता? तुमच्यासाठी. तुम्ही आत यावं म्हणून."

त्या निघून गेल्या. मी फाटक धरून उभा राहिलो. अक्का, लिंबाखाली उभ्या असलेल्या भावाला हाक मारायला किती पावलं होती? मी कदाचित आलो नसतो. तुला तोडून बोललोही असतो. पण त्यावर आपण भांडलो असतो, आणि भांडण संपल्यावर तू जेवली असतीस.

उपासाला मी नाव ठेवत नाही. तुझी श्रद्धा खरी होती, आणि तू माझ्यासाठी उपाशी राहिलीस हे मी कुठं ठेवू, मला कळत नाही. पण तो तक्ता भिंतीवर लागला तर काकू दर रविवारी त्याच्याकडे बघतील आणि रोज उपाशीपोटी गोळी गिळतील. आणखी कोण कोण गिळेल, कुणास ठाऊक?

पत्र इथं थांबवून मी दोन फोन केले. सिस्टरना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तो आकडा मीच वाचून दाखवायचे हो. मला संशय यायला पाहिजे होता." आज संध्याकाळी त्या काकूंकडे जाऊन गोळ्यांचं बघणार आहेत. पाळकसाहेब म्हणाले, "हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंत." मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "उद्या मंडळीपुढं बोला. तक्ता लावायचा की नाही, ते त्यानंतर मंडळी ठरवेल."

तेव्हा उद्या मी आत येणार आहे. विश्वास परत आला म्हणून नाही. आत उभं राहूनच सांगण्यासारखं काम आहे म्हणून. तुझ्या उपासाला हे चालेल का, मला माहीत नाही. तुझं गुपित आणि माझं 'भाकरी' हे उत्तर, दोन्ही सांगेन. काही जण माझ्याशी बोलणार नाहीत. काकू तर नक्कीच नाहीत.

तरीही एक वचन देतो. बुधवारपासून ईस्टरपर्यंत रोज सकाळी आठ वाजता मी काकूंच्या दारात असेन, सोबत दोघांपुरती न्याहारी घेऊन. आधी त्या खातील, मग गोळी. पहिल्या दिवशी दार उघडतील असं वाटत नाही. मी पायरीवर बसेन.

तुझी शपथ मोडणारा,
तुझा धाकटा,
सुहास