दात्याला सोबत आणा

संचालक महाशय,

बुधवार, ९ एप्रिल, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तुमच्या संस्थेच्या चौकशी खिडकीतल्या बाईंनी माझ्या मुलीला सांगितलं, "पेशी बघायच्या तर दात्याला सोबत आणा. नियम आहे."

दाता म्हणजे माझा नातू. तो एकोणीस दिवस जगला. हृदय अधू होतं. जन्मावेळी त्याच्या नाळेतलं रक्त आम्ही तुमच्या संस्थेला दिलं. त्यातल्या पेशींपासून तुम्ही स्टेम सेल घडवल्या आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी. त्या काचेच्या बशीत धडधडतात, हे तुमच्याच डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. "शनिवारी प्रयोग संपला की बशा टाकून देतो, त्याआधी येऊन बघून जा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो, मूल गेलं." खिडकीतल्या बाई संगणकात डोकावून म्हणाल्या, "इथे तशी नोंद नाही, आजी." जणू आमचीच काहीतरी गफलत होत होती.

सकाळी मुलीने केस धुतले होते, बाळाला भेटायला जावं तसे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आवाज चढवायचा नाही असं शिकवलं, म्हणून मीही मुकाट्याने परतले. त्याचा राग तुमच्यापेक्षा जास्त स्वतःवर आहे.

मुलगी म्हणते, "आई, हे पाठवू नकोस. चिडले तर आजच फेकतील." म्हणून हे पत्र लिहून सध्या पर्समध्येच ठेवणार आहे.

तरी बजावते. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळवा, ती आपल्या मुलाचं हृदय किती वाजता बघू शकते.

दात्याची आजी