डावीकडचा सदरा

तलवाडा, ता. गेवराई
दि. १८ जानेवारी, रविवार

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील. इकडे आम्ही ठीक आहोत. आम्ही म्हणजे मी, ड्रायव्हर उत्तरेश्वर आणि त्याची गाडी. 'आम्ही' लिहायची सवय आहे, लिहून झाल्यावर लक्षात आलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. जन्मात पत्रं पुष्कळ लिहिली, पण ती लेटरहेडवर आणि बहुतेक शिफारशीची. हे साध्या कागदावर आहे. अक्षर नीट नाही, सांभाळून वाच.

कापसाची शेवटची वेचणी उरकली. तूर काढून झाली. स्वयंपाकाला मंगल येते, भाकरी चांगली करते. जेवण जातं. झोपही लागते, लाज वाटावी इतकी चांगली लागते. गेवराईला डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा त्यांना विचारलं, मला अजून रडू आलेलं नाही, हे काही दुखणं असतं का. ते म्हणाले, येईल, घाई कशाला करता. मी त्यांना धन्यवाद दिले आणि त्यांच्या दवाखान्याच्या वाटचालीला शुभेच्छा देऊन बाहेर आलो. जिन्यात उभा राहून विचार करत होतो की शुभेच्छा कशाच्या दिल्या.

परवा मोहनराव येऊन गेले. पक्षाचं तालुक्याचं सगळं तेच बघतात, तुला माहीत आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक कधीही लागेल, तलवाडा सर्कलमधून तुम्हीच उभं राहायचं, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आण्णा, वाईट वाटून घिऊ नका, पण वैनी गेल्यात तर लोकायच्या मनात तुमच्याबद्दल लई हळहळ हाय. यंदा न्हाई तर कवाच न्हाई." मला राग यायला हवा होता. मी त्यांना चहा दिला. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं, मीही दुसऱ्याच्या बाबतीत तेच मांडलं असतं.

मी नाही म्हणून सांगितलं. त्याग वगैरे समजू नकोस. उभं राहायचं म्हणजे बोलावं लागतं, आणि माझं बोलणं सध्या बंद आहे.

तू लहान असताना एकदा शाळेतून 'माझे वडील काय करतात' असं लिहून आणायला सांगितलं होतं. तू मला विचारलंस, मी फोनवर होतो. आई आतून म्हणाली, "लिही, माती आन् मांडव." मी चिडलो होतो तेव्हा. पण तिनं दोन शब्दांत सांगितलं ते खरं होतं. आपल्याकडे रस्ता झाला नाही तर लोक सांभाळून घेतात. पुढारी मयताला, मातीला आला नाही, तर त्याच्या नातवापर्यंत विसरत नाहीत. सकाळी नदीवर दहावा, दुपारी लग्न, तिथून कुणाकडे तरी दुखवट्याला बसायला. यालाच मी काम म्हणत आलो आणि लोक त्याला नेतृत्व म्हणत आले. शाळांच्या गॅदरिंगला पोरांना सांगायचो, वेळ वाया घालवू नका. पोरं उन्हात बसलेली असायची, कारण मी तासभर उशिरा पोचलेला असायचो.

आता सकाळी गाडी काढू नको म्हणून उत्तरेश्वरला सांगितलं आहे. तो तरी येतो, गाडी पुसतो आणि ओट्यावर बसतो. मीही बसतो. दिवस इतका मोठा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तुझी आई तो रोज कसा घालवत होती, हेही ठाऊक नाही.

बरं, त्या दिवसाचं. ते टाळत टाळत एवढं लिहिलं, तुझ्या लक्षात आलंच असेल.

श्रद्धांजलीचं भाषण मला इतकं बसलेलं आहे की नाव आणि गाव कळलं की पुरे. बाई असेल तर कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या. बाप्या असेल तर परखड पण प्रेमळ. शेवट ठरलेला. तुझ्या आईच्या दहाव्याला महाराजांचं प्रवचन संपलं आणि पुढाऱ्यांची भाषणं सुरू झाली. घरच्या माणसानं त्यात बोलायचं नसतं. पण माईक फिरवणाऱ्या परमेश्वरच्या हातालाही सवय, तो फिरत फिरत माझ्यापुढे आला. मी उभा राहिलो आणि बोललो. कैलासवासी केसरबाई या अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांच्या जाण्यानं गावाची न भरून येणारी हानी झाली आहे. मी माझ्या वतीनं आणि पक्षाच्या वतीनं त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहे.

आणि खाली बसलो.

कुणी हसलं नाही, कुणी चुळबूळही केली नाही. ते भाषण कुणी ऐकतच नसतं. बायकांमधून फक्त तू मान वर करून पाहिलंस. राग असता तर मला समजला असता, राग शांत करणं हा माझा धंदा आहे. तू अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होतीस. ते कुटुंबीय म्हणजे आपणच दोघं, हे मला घरी येताना गाडीत उमगलं.

तेराव्यानंतर तू निघालीस. बॅग उचलताना म्हणालीस, "आण्णा, आईची एक गोष्ट सांगा. दुसऱ्या कुठल्याही बाईबद्दल सांगता येणार नाही अशी. एकच." तोंडात कष्टाळू आलं होतं, ते गिळलं. "सापडली की कळवा," एवढं बोलून तू गेलीस. तूही मला आण्णाच म्हणतेस, साऱ्या सर्कलसारखं. इतकी वर्षं त्यात मला अभिमान वाटायचा.

तेव्हापासून शोधतो आहे. तिला कोणती भाजी आवडायची, माहीत नाही. मी जेवायला बसलो की ती वाढायची, ती केव्हा जेवायची ते कधी पाहिलं नाही. माहेरच्या कुठल्या मैत्रिणीचं नाव घ्यायची, आठवत नाही. सर्कलमधल्या कुठल्याही घरात सून कुठली आणि जावई काय करतो, हे मी आजही झोपेत सांगेन.

गेल्या आठवड्यात रामकिसनचा निरोप आला. शेजारच्या गावचा, आपला जुना कार्यकर्ता. त्याचे वडील गेले. जायचं नव्हतं, पण बाहेर जायचे कपडे अंगावर कधी चढले ते कळलं नाही. आई गेल्यापासून कपडे गेवराईच्या लाँड्रीत टाकतो, सगळे एकसारखे कडक होऊन येतात. त्यातलाच एक सदरा घातला, अत्तर लावलं, निघालो. नदीवर रामकिसन गळ्यात पडला. "आण्णा, वैनीला जाऊन म्हैना न्हाई झाला, तरी तुमी आलात," म्हणून रडायला लागला. त्याचा गाल माझ्या छातीवर टेकला आणि कापड चुरचुरलं. एवढ्या रडण्यात त्यानं तोंड जरा बाजूला केलं. अत्तराचा वास मलाच नकोसा झाला. आजवर इतकी माणसं माझ्या गळ्यात पडून रडली, पण सदरा कधी वाजल्याचं आठवेना. बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं आणि खाली रामकिसनशेजारी बसलो.

घरी आलो आणि आपल्या खोलीतल्या खुंट्यांसमोर बराच वेळ उभा राहिलो.

दोन खुंट्या आहेत, तू पाहिल्या आहेस. रोज सकाळी आंघोळ करून आलो की, आणि दुपारी पुन्हा निघालो की, आई आतून ओरडायची, "आज उजवीकडचा घाला," किंवा, "आज डावीकडचा." मी घालायचो. का, म्हणून एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, एक धुवायला टाकायचा असेल. प्रियू, खुंटीवरच्या सदऱ्याला हात लावला तेव्हा उमगलं, उजवीकडचा मांडवाचा असायचा. कांजी केलेला, कडक इस्त्रीचा, अत्तर लावलेला. डावीकडचा मातीचा. त्याला कांजी नाही, अत्तर नाही, दोनदा साध्या पाण्यातून काढून मऊ केलेला, कारण त्यावर कुणीतरी डोकं ठेवणार. आणि त्याच्या खिशात घडी केलेला मोठा रुमाल. तो मी माझाच समजायचो. रडणाऱ्याच्या हातात द्यायचो, आणि पुढच्या वेळी दुसरा खिशात असायचाच. लोक म्हणायचे, आण्णा माणूस मायाळू आहे. ती माया तुझ्या आईनं धुऊन खुंटीला अडकवलेली असायची.

ती गेली त्या दुपारी मी माजलगावला लग्नात होतो. तिच्या मातीला मी उजवीकडच्याच सदऱ्यात उभा होतो, फेटा तेवढा गाडीत काढला. दहाव्याला सकाळी कुणी ओरडलं नाही. मी हाताला आला तो घातला, तो डावीकडचा होता. ती गेली त्या आठवड्यात तिनं कुणासाठी तरी धुऊन ठेवला असणार. तिच्या दहाव्याला घालायचा सदरा तिनंच तयार ठेवला होता, आणि तो अंगात घालून मी ते भाषण केलं.

त्या दिवशी माझ्यावर कुणी डोकं ठेवलं नाही. तू लांब होतीस. रुमाल खिशात तसाच राहिला, अजून घडी मोडलेली नाही. तो सदरा मी लाँड्रीत दिलेला नाही. डावीकडच्या खुंटीला आहे.

तू एक गोष्ट मागितली होतीस. एवढीच सापडली. बाकीच्या तुझ्याकडे असतील. तिची भाजी, तिची दुपार, मैत्रिणीचं नाव. त्या ऐकायला मला तुझ्याकडे यावं असं वाटतं, पण तू ये म्हटल्याशिवाय येणार नाही. आजवर न बोलावता पुष्कळ ठिकाणी गेलो. किंवा तू ये. मी घरीच असतो, हे वाक्य तुला पहिल्यांदाच लिहितो आहे.

यायचं ठरलं तर आदल्या दिवशी कळव. आणि मी कोणता सदरा घालू, उजवीकडचा की डावीकडचा, तेही तूच सांग. आता सांगणारं दुसरं कुणी नाही.

केसरचा नवरा आणि तुझा बाप,
बद्रीनाथ