हशाच्या खुणा

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर लाईन खराब आहे म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. आई म्हणते, निवृत्त झाल्यापासून तू माणसांतून उठलास.

ज्या बदकाच्या कार्टून मालिकेत विनोदांमागे तू वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलेला हशा भरलास, ती अर्ध्यातच बंद पडली. तिचे पुढचे भाग आम्ही तिघी मैत्रिणींनी हौसेने रचून, काढून नेटवर टाकलेत. सहा झाले. आता एक नोकरीला लागली, दुसरी कंटाळली, आणि शेवटचा सातवा भाग माझ्या एकटीच्या गळ्यात आहे. दिवसभर दुकानांच्या पाट्या करून मान मोडते, त्यात हे. खरं सांगते, मी थकले.

सोबत पेनड्राइव्ह आहे. जिथे तू हशा भरला असतास, तिथे पूर्वीसारखी कागदावर पेन्सिलीने खूण कर. दहा खुणा झाल्या नाहीत, तर सातवा भाग काढत नाही.

मामीला नमस्कार. लोभ असू दे, फक्त खुणा करताना तो बाजूला ठेव.

तुझी भाची

ता. १९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

सहाही भाग पाहिले. खुणा चार.

चित्रं चांगली आहेत. लिखाणाचं म्हणशील, तर तुमची सगळी पात्रं एकाच तोंडाने बोलतात. बदक, दीपगृहातला म्हातारा, पोस्टमन, जो तो हजरजबाबी. एकाने तरी मठ्ठ असावं. आमच्या घरी ती जागा मी सांभाळतो. दुसरं, विनोद झाला की तुम्ही तो समजावता. बदक छत्री मागतं, इथवर ठीक. मग बदकाला छत्री कशाला, हे पोस्टमन चार ओळींत सांगतो. आणि जुन्या मालिकेची आठवण काढणं म्हणजे विनोद नव्हे. ओळख पटली की माणूस मान डोलावतो, हसत नाही.

एकतीस वर्षं लोकांचा हशा भरून माझा आटलाय, हेही धरून चाल. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा मामा

ता. २ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

छत्रीचा विनोद आमच्या भागात नाहीच. आवाज भरतानाच आम्ही तो काढला. पोस्टमनचा आवाज देणाऱ्या मैत्रिणीने जवळजवळ सगळंच बोलणं तिथल्या तिथे बदललं. पडद्यावर खाली येणारी संवादांची अक्षरं मात्र पहिल्या खर्ड्याची राहिली, कारण ती बदलायचा आम्हाला कंटाळा आला.

म्हणजे तू ऐकलंच नाहीस. आवाज बंद करून नुसती अक्षरं वाचलीस. डोळे मिटून ऐकल्यावर हसू आलं तरच विनोद खरा, असं मला ज्याने शिकवलं, त्याने! वेळ नव्हता तर तसं कळवायचंस. सातवा भाग बंद करते. भांडायचंही त्राण नाही.

नेहमीसारखीच तुझी,
भाची

ता. ११ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

ऐकलं नाही, हे खरं. मला ऐकू येत नाही. उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला, डावा या थंडीत. यंत्र लावून पाहिलं, त्यात तुझ्या मामीचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो. जन्मभर कानांवर पोट भरलं, तेच गेले हे सांगायची लाज वाटली. लाईन खराब नव्हती गं. तुझ्या आईला आता तूच सांग, मला धीर होत नाही.

तुझं पत्र आल्यावर मामीला समोर बसवलं, मोठ्या आवाजात सगळे भाग लावले आणि पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसलो. माझ्या एकाही मालिकेला ती कधी हसली नाही. भरलेला हशा ऐकला की खरा पळतो, असं तिचं मत. पहिला भाग ती भाजी निवडत होती. दुसऱ्यात हात थांबले. मग खांदे हलले. अकरा वेळा. कागद सोबत आहे. बहुतेक खुणा पोस्टमनच्या वाट्याच्या. तो काय बोलला ते मामीने मला लिहून दाखवलं, पण लिहिताना पुन्हा हसत होती, त्यामुळे अक्षर लागत नाही.

तेव्हा सातवा भाग काढ. मैत्रिणीला एका दिवसापुरती तरी बोलावून घे. आणि या खेपेला खालची अक्षरं नीट बसव. ती वाचणारा घरात एक आहे.

लोभ आहेच, तो कानावर अवलंबून नाही.

तुझा मामा