मापट्यातलं पेट्रोल

माय, काल तुझ्या दुधाच्या मापट्यात पेट्रोल घेतलं. भडकू नकोस, आधी ऐकून घे. तुझी नात नर्स म्हणून लागली. आज सकाळी सातला तिला हिंगोलीच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं, आणि आपल्या गावातून पहिली एसटीच आठला. सगळी भिस्त तिच्या मोटारसायकलवर, तर ती बया काल दुपारी नरसीजवळच्या चढावर आचके देऊन बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, "पंप गेला, चार दिवस लागतील." पोरीचं तोंड एवढंसं झालं. पहिल्याच दिवशी गैरहजर! मी म्हटलं, घरीच बघू.

आताच्या गाड्यांच्या टाकीत विजेवरचा छोटा पंप असतो, तो पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. किती ढकलतो हे मोजायला माप पाहिजे. गाडी चुलीपासून लांब, लिंबाखाली लावली. पोरीनं कोठीतून नेमकं तुझं मापटं आणलं, तू गेल्यापासून जपून ठेवलेलं. पंपाची नळी त्यात सोडून चावी फिरवली. पंप दोन सेकंद गुणगुणला, पण धार आटलेल्या शेळीची. पाच वेळा चावी फिरवली तरी बूड झाकेना.

"बाबा, आवाज तर बराबर येऊन राहिला," ती म्हणाली. खरंच होतं, पंप जिवंत होता. बाहेर काढला, तर त्याच्या खालची जाळी पिवळीधमक. वास घेतला. हळद!

"पेट्रोल कोणत्या नरसाळ्यानं ओतलं गं? आईच्या हळदीच्या?"

ती दावणीकडं बघत म्हणाली, "शेळीनं सांडली असंल हळद."

मला हसू आवरेना. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. विशीत मी जुनी गाडी घेतली तेव्हा याच मापट्यानं पेट्रोल मोजलं होतं आणि तसंच ठेवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आपल्याकडं दुधाचा रतीब असलेले गुरुजी दारात येतात, चहाला पेट्रोलचा वास येतो म्हणतात, आणि तू पदर खोचून उभी राहतेस. "काहून गुरुजी, माझी म्हैस काय पंपावर चरायला जाती?" बिचारे गुरुजीच माफी मागून गेले. मी गोठ्यात, वैरणीमागे.

तर काल जाळी धुतली, पंप बसवला, धार सणसणीत लागली. आज पोरगी सहालाच निघाली, पावणेसातला फोन आला, "पोचले बाबा." मग मापटं राखेनं घासायला बसलो. एकदा घासलं, दोनदा घासलं, वास काही जाईना. आणि एकदम आठवलं, गुरुजी यायच्या आधीच तू हे मापटं राखेनं घासत बसली होतीस. त्यानंतर महिनाभर गुरुजींच्या दुधात तू वरून आणखी थोडं ओतायचीस. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून असेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तुला सगळं ठाऊक होतं, माय, आणि तरी माझ्यासाठी भांडलीस.

पोरीला मी काही बोललो नाही. तिच्या आईनं विचारलं, "नरसाळ्याला कसला वास येऊन राहिला?" मी म्हटलं, "शेळीनं काहीतरी केलं." हा कागद तुझ्या सुनेच्या हाती लागायला नको, म्हणून मापट्यात घालून कोठीत ठेवतो. आणि तू कधीच विचारलं नाहीस, तरी सांगतो. व्हय माय, मीच होतो.