त्या ‘की’सकट

मंगळवार, संध्याकाळ. कोल्हापूर, हॉटेलची खोली.

आज जिंकलो. मग तो ‘की’ डोक्यातून का जाईना?

नऊ वर्षं सरांच्या मागे फायली वाहिल्या, आज पहिल्यांदा उलटतपासणी माझ्याकडे होती. साक्षीला मुरगूडचे लेथवाले मामा. लागणीसाठी उसाचे डोळे काढायचं यंत्र त्यांचं, पेटंटही त्यांच्याच नावावर. त्या यंत्राची नक्कल करून विकणारी कंपनी आमची अशील.

कोर्टाबाहेर त्यांनी विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं?"

"नेसरीचा की, मामा!" मुंबईत ही भाषा मी तोंडातून काढत नाही. म्हातारा पाघळला.

आत गेल्यावर मुद्दाम डिवचलं. "म्हंजे अर्ज करोस्तवर यंत्र चालतंय का न्हाय, कुणी बघितलंच न्हाय!"

"बघितलं न्हाय? अवो, वरीसभर आधी भर बाजारात चालवून दाखवलंय की! समद्यांनी बघितलंय!"

त्यांच्या वकिलाने मान खाली घातली. अर्जाआधी जगाला दाखवलेल्या वस्तूचं पेटंट टिकत नाही, हे तिथे एकट्या मामांनाच माहीत नव्हतं. मी ते वाक्य जसंच्या तसं नोंदवून घ्यायला लावलं. त्या ‘की’सकट.

सरांचा मेसेज आला : भाषा छान वापरलीस. वापरली. हाच शब्द.

बाहेर मामांनी गाठलंच. आता मी पावणा नव्हतो. "भाच्या, साक्ष झ्याक झाली न्हवं?"

त्यांच्या डोळ्यांत बघून मी म्हणालो, "झ्याक झाली की, मामा."