भोजराजचे दोन लिफाफे

बालाघाट,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. दीपिकास बाबांचा सप्रेम जयभीम.

आम्ही मजेत आहोत. धानाची कापणी सुरू झाली, घरात मच्छर फार झालेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आधी भोजराजची बातमी. परवा तो आपला कॅन्सरचा पेशंट लामत्याहून नवे तांदूळ घेऊन आला. "काकाजी, तुमच्या डॉक्टरबाईनं मले वाचवलं," म्हणत रडला. मला तोंड लपवावंसं वाटलं. तीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढले म्हणून लोक अजून मला फिल्मा दाखवतात, आणि मीही रिटायर झाल्याचं विसरून मत ठोकतो. कॅन्सरचे उपचार संपल्यावरही त्याच्या सीटी स्कॅनमध्ये पोटातली गाठ दिसत होती. मी छातीठोकपणे सांगितलं, "गाठ हाये म्हंजे बिमारी हाये. ऑपरेशनची तयारी कर." दुसरा लिफाफा पेट स्कॅनचा होता. तो मी उघडलाच नाही. औषध टोचून काढलेला रंगीत फोटो, त्यात काय पाहायचं!

दिवाळीच्या सुट्टीत तू दोन्ही स्कॅन शेजारी ठेवलेस, ते वाचणाऱ्या दोन्ही डॉक्टरांना फोन केलेस. गाठ होती, पण मेलेली. ऑपरेशन टळलं. तुझे आभार मानायला मला इतके दिवस लागले, असा तुझा बाप.

तेव्हाच तू म्हणालीस, "बाबा, एका डॉक्टरले गाठ कुठं हाये ते दिसते, दुसऱ्याले ती जिती हाये का ते. मले दोन्ही पाहता आलं पाहिजे." म्हणजे रेडिओलॉजीनंतर पेट स्कॅनवाल्या न्यूक्लियर मेडिसिनची आणखी तीन वर्षं, तीही दिल्लीत. मी म्हणालो, एमडी झाली, पुष्कळ झालं, इथंच सोनोग्राफी सेंटर टाक. तू नागपूरला नोकरीवर परतल्यावर मी फोन करून सांगितलं की आईला दम लागतो. आणि तू दिल्लीत मिळालेली जागा सोडायला निघालीस.

बेटा, आईला दम लागत नाही. काल ती बसनं खैरलांजीला तुझ्या मावशीकडे जाऊन आली. "काहून लबाड बोलून राह्यले पोरीसंग?" एवढं म्हणाली, तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे.

तू दूर जाशील म्हणून मी भ्यालो, दुसरं काही नाही. माफ कर.

वीस तारखेच्या आत दिल्लीत हजर हो. पुढं कधी मी "ये" म्हणून फोन केला, तर आधी आईला विचार.

तुझा ऋणी,
बाबा